विश्लेषण : मुलगी जर्मनीला, खाते साकीनाक्याला! परदेशी शिक्षणाचे पैसे पाठवताना कुठे अडते?

परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती पडले की घरात चर्चा सुरू होते ती फी, व्हिसा आणि डॉलरच्या भावाची. बँकेच्या अर्जावरचा कारणाचा रकाना, पैसे पाठवणाऱ्याचे नाव, मुलाचे जुने बचत खाते याकडे शेवटच्या आठवड्यात लक्ष जाते. प्रत्यक्षात पैसे अडकतात ते बहुतेक वेळा इथेच. कोण पाठवतो, कोणत्या खात्यातून पाठवतो आणि कोणत्या कारणाखाली पाठवतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर काही हजार रुपयांपासून थेट व्हिसापर्यंत बरेच काही अवलंबून असते.

रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार भारतीय कुटुंबांनी ‘परदेशात शिक्षण’ या कारणासाठी २०२१-२२ मध्ये ५.१७ अब्ज डॉलर बाहेर पाठवले होते. २०२३-२४ मध्ये हा आकडा ३.४८ अब्ज आणि २०२४-२५ मध्ये २.९२ अब्ज डॉलरवर आला. कॅनडा, ब्रिटन, अमेरिका या देशांनी व्हिसाचे नियम आवळले, त्याचे प्रतिबिंब यात आहे. पण जे जात आहेत त्यांचा खर्च कमी झालेला नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस डॉलर पहिल्यांदाच ८८ रुपयांपलीकडे गेला. युरोने तर त्याआधीच शंभरी ओलांडली होती.

नियम समजायला सोपे जावेत म्हणून एक काल्पनिक कुटुंब डोळ्यांसमोर धरू. साकीनाक्याला खैरानी रोडवर दोन भावांच्या भागीदारीत लेथ मशीनचा गाळा आहे. थोरल्या भावाची मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर. तिला जर्मनीत एमएससाठी प्रवेश मिळाला आहे. काही पैसे वडील देणार, काही काका, थोडे आईचे दागिने गहाण ठेवून उभे राहणार. साकीनाका, चांदिवली, असल्फा परिसरात अशी जुळवाजुळव करणारी घरे कमी नाहीत. नियमांचा पेच मात्र याच जुळवाजुळवीत आहे.

गाळ्याच्या चालू खात्यातून पैसे पाठवता येतात का?

सहसा नाही. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परदेशी पैसे पाठवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’खाली, म्हणजे एलआरएसखाली मिळते. एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला अडीच लाख डॉलर. विद्यापीठाचे खर्चाचे अंदाजपत्रक त्याहून मोठे असेल तर शिक्षणासाठी बँक जास्त रक्कमही पाठवू देते. ही मुभा व्यक्तीला आहे. कंपनी, भागीदारी संस्था, ट्रस्ट किंवा हिंदू अविभक्त कुटुंब यांना ती नाही. त्यामुळे दोन भावांच्या भागीदारीच्या चालू खात्यातून पुतणीची फी थेट पाठवता येत नाही. आधी भागीदाराने आपला हिस्सा स्वतःच्या बचत खात्यात घ्यायचा आणि तिथून पाठवायचा.

गाळा एकट्याच्या मालकीचा, म्हणजे प्रोप्रायटरी असेल तर गोष्ट वेगळी. कायद्याच्या नजरेत मालक आणि त्याचा धंदा एकच, त्यामुळे अशा चालू खात्यातून पाठवलेली रक्कम मालकाच्या वैयक्तिक मर्यादेत धरली जाते. तरीही शाखेत प्रश्न विचारले जातातच. बचत खात्यातून पाठवलेले बरे, कारण विवरणपत्र भरताना हिशेब सरळ राहतो.

काकांनी दिले तर बिघडले कुठे?

इथे दोन कायदे नातेवाईक या शब्दाचा दोन प्रकारे अर्थ लावतात. प्राप्तिकर कायद्यात आईवडिलांचे भाऊ-बहीण, म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी हे ‘नातेवाईक’ आहेत. त्यांनी भेट म्हणून दिलेल्या पैशांवर पुतणीला कर लागत नाही. परकीय चलनाच्या नियमांत मात्र ‘नातेवाईक’ची व्याख्या कंपनी कायदा २०१३ मधून घेतली आहे. त्या यादीत आई, वडील, पती-पत्नी, मुले, सून, जावई, भाऊ, बहीण आहेत. काका आणि मामा नाहीत. आपल्याकडे ज्यांच्या भरवशावर निम्मी शिक्षणे होतात तेच यादीबाहेर, असा हा प्रकार आहे.

परिणामी काकांनी थेट पुतणीच्या परदेशी खात्यावर पैसे पाठवायचे ठरवले तर बँक ते शिक्षण किंवा नातेवाइकाचा चरितार्थ यांऐवजी ‘वैयक्तिक भेट’ म्हणून नोंदवू शकते. त्यावरचा कर पुढे येईलच. सोपा मार्ग असा की काकांनी पैसे भावाच्या, म्हणजे मुलीच्या वडिलांच्या खात्यात धनादेशाने किंवा एनईएफटीने द्यावेत. भावाने भावाला दिलेली भेट करमुक्त आहे. तिथून वडिलांनी शिक्षणासाठी पाठवावेत. पैसे कर्जाऊ दिले असतील तर साध्या कागदावर तसे लिहून ठेवावे. नंतर प्राप्तिकर खात्याने विचारले, तर तोंडी व्यवहार सिद्ध करता येत नाही.

टीसीएस नेमका किती कापला जातो?

सर्वाधिक गोंधळ याच प्रश्नावर आहे. टीसीएस म्हणजे बँकेने पैसे पाठवतानाच गोळा केलेला प्राप्तिकर. एलआरएसवर तो १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. तेव्हा वर्षाला ७ लाख रुपयांपर्यंत सूट होती. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख झाली आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षात १० लाखांवरच्या रकमेवर शिक्षण आणि वैद्यकीय उपचार यांसाठी ५ टक्के, तर गुंतवणूक, भेट, नातेवाइकाचा चरितार्थ अशा इतर कारणांसाठी २० टक्के टीसीएस होता. बँक किंवा अधिसूचित वित्तसंस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर तो शून्य. पूर्वी त्यावर अर्धा टक्का होता, तोही याच १ एप्रिलला काढून टाकला.

आता खैरानी रोडवरच्या कुटुंबाकडे परत येऊ. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागते. विद्यार्थ्याच्या नावावरच्या या खात्यात वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच भरायची आणि मग तिथे पोहोचल्यावर ती महिन्याला ठरावीक हप्त्याने हातात येते. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ युरो आहे. हिशेबाच्या सोयीसाठी युरो १०० रुपयांचा धरला तरी ११,९०,४०० रुपये होतात. म्हणजे विद्यापीठाला एक पैसाही द्यायच्या आधी १० लाखांची मर्यादा ओलांडली जाते.

२०२५-२६ मध्ये वडिलांनी सगळी रक्कम एकट्याच्या पॅनवर, शिक्षण या कारणाखाली पाठवली असती तर वरच्या १,९०,४०० रुपयांवर ५ टक्के, म्हणजे ९,५२० रुपये कापले गेले असते. हीच रक्कम ‘नातेवाइकाचा चरितार्थ’ म्हणून नोंदली गेली तर २० टक्क्यांनी ३८,०८० रुपये. शैक्षणिक कर्जातून गेली तर काहीच नाही. आणि वडिलांनी ६ लाख, आईने स्वतःच्या खात्यातून व पॅनवर उरलेले ५,९०,४०० पाठवले तरीही काहीच नाही, कारण मर्यादा प्रत्येक पाठवणाऱ्याला वेगळी आहे. नवऱ्याने बायकोच्या खात्यात भेट म्हणून पैसे वळते करायला हरकत नाही. मात्र ब्लॉक्ड अकाउंट देणारी संस्था दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडून आलेले हप्ते स्वीकारते का, हे आधी विचारून घ्यावे.

फरक पडतो तो अर्जावरच्या कारणामुळे. ए-टू नावाच्या अर्जात पर्पज कोड भरावा लागतो. परदेशी जाऊन शिकणाऱ्याची फी, वसतिगृह यांसाठी एस०३०५ हा कोड आहे. चरितार्थासाठी एस१३०१. काउंटरवरचा कर्मचारी ‘मुलीला खर्चाला पाठवताय ना?’ असे विचारतो, पालक ‘हो’ म्हणतात आणि एस१३०१ पडतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३० जून २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे, की शिक्षणासाठीच्या रकमेत फीबरोबरच विद्यार्थ्याचे भारत ते परदेश प्रवासाचे तिकीट आणि शिक्षणासाठी लागणारा रोजचा खर्चही येतो. म्हणजे घरभाडे व जेवणखाणासाठी पाठवलेले पैसेही शिक्षणाचेच. प्रवेशपत्राची प्रत आणि या परिपत्रकाचा उल्लेख जवळ असला, की शाखेतला वाद बहुधा दोन मिनिटांत मिटतो.

१० लाखांची मर्यादा सर्व बँका आणि सर्व कारणे मिळून एकत्र मोजली जाते, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. वडिलांनी त्याच वर्षी परदेशी शेअर घेण्यासाठी ४ लाख पाठवले असतील तर शिक्षणासाठी ६ लाखच उरले. उलट आर्थिक वर्षाच्या सीमेचा फायदाही घेता येतो. फीचा एक हप्ता मार्चमध्ये आणि दुसरा एप्रिलमध्ये गेला तर दोन वर्षांच्या दोन वेगळ्या मर्यादा मिळतात. यात लपवाछपवी काही नाही. फक्त विद्यापीठाच्या तारखा त्यात बसायला हव्यात.

कापलेला पैसा परत मिळतो का?

मिळतो, पण वाट पाहून. टीसीएस हा वेगळा कर नव्हे, पाठवणाऱ्याच्या प्राप्तिकरातला आगाऊ जमा झालेला पैसा आहे. तो २६-एएसमध्ये दिसतो. नोकरदाराला १२-बीएए हा फॉर्म कंपनीत देऊन तो पगारातल्या टीडीएसमध्ये वळता करून घेता येतो. ही सोय १ ऑक्टोबर २०२४ पासून आली. धंदेवाल्याला आगाऊ कराच्या हप्त्यात तो धरता येतो.

अडचण होते ती ज्यांचे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली आहे त्यांची. त्यांना परतावा हवा तर विवरणपत्र भरावेच लागते. जून २०२५ मध्ये कापलेली रक्कम जुलै २०२६ च्या आसपास भरायच्या विवरणपत्रातून, त्यानंतर कधी तरी परत येते. ३८ हजार रुपये वर्षभर अडकणे ही छोट्या गाळेवाल्यासाठी लहान गोष्ट नाही. पॅन आधारशी जोडलेला नसल्याने निष्क्रिय झाला असेल तर दर वाढू शकतो, ही आणखी एक ठेच.

दागिने गहाण ठेवून काढलेले पैसे ‘कर्ज’ धरले जातात का?

टीसीएसपुरते, नाही. सूट फक्त शैक्षणिक कर्ज म्हणून मंजूर झालेल्या आणि बँकेने किंवा अधिसूचित वित्तसंस्थेने दिलेल्या कर्जाला आहे. सोनेतारण कर्ज, पतपेढीचे कर्ज, घर किंवा गाळा गहाण ठेवून काढलेले सर्वसाधारण कर्ज, हे सगळे पालकांचे स्वतःचे पैसे मानले जातात. पण हाच गाळा तारण देऊन बँकेकडून शैक्षणिक कर्ज मंजूर करून घेतले तर सूट मिळते. तारण तेच, मंजुरीपत्रावरचे नाव वेगळे, एवढाच फरक. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना अशा कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावटही आहे. सोनेतारणाला तीही नाही.

खरा खर्च कमिशनमध्ये की भावात?

भावात. बँकांच्या जाहिरातीत ‘शून्य शुल्क’ असते. पण मोबाइलवर शोधल्यावर दिसणारा डॉलरचा भाव आणि बँक लावते तो भाव यात अंतर असते. २० हजार डॉलर फी पाठवताना डॉलरमागे एक रुपया जास्त लागला तर २० हजार रुपये गेले. हजार रुपयांचे शुल्क माफ झाल्याचा आनंद इथे निरर्थक ठरतो. चलन बदलावर जीएसटीही आहे, पण तो पूर्ण रकमेवर नसतो. वरच्या ११,९०,४०० रुपयांच्या उदाहरणात तो सुमारे १,०२४ रुपये होतो. म्हणून एकाच दिवशी, एकाच तासात दोन-तीन ठिकाणी ‘माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील आणि विद्यापीठाला नेमके किती पोहोचतील?’ असा प्रश्न विचारणे हाच तुलनेचा खरा मार्ग.

‘नेमके किती पोहोचतील’ हा भाग महत्त्वाचा. स्विफ्टने जाणारी रक्कम वाटेत एखाद-दुसऱ्या मध्यस्थ बँकेतून जाते आणि ती आपले शुल्क कापून घेते. विद्यापीठाला २०-२५ डॉलर कमी पोहोचले तर त्यांच्या नोंदीत फी अपुरी दिसते. अर्जात सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे, म्हणजे ‘अवर’ हा पर्याय निवडला तर ही शक्यता घटते. संदर्भाच्या रकान्यात विद्यार्थ्याचा क्रमांक लिहिलाच पाहिजे. तो नसला तर पैसे विद्यापीठात पोहोचूनही कोणाच्या नावावर चढवायचे ते त्यांना कळत नाही. व्यवहारानंतर स्विफ्ट प्रत मागून ठेवावी.

विमानतळ जवळ असल्याने अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या पट्ट्यात मनी चेंजरची वानवा नाही. मात्र केवळ मनी चेंजरचा परवाना असलेले दुकान नोटा देऊ-घेऊ शकते, स्वतः विद्यापीठाला फी पाठवू शकत नाही. त्यासाठी बँक किंवा रिझर्व्ह बँकेची तशी परवानगी असलेला अधिकृत डीलर लागतो. सोबत न्यायच्या रोख परकीय नोटांनाही बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरची मर्यादा आहे. उरलेले फॉरेक्स कार्डावर. या कार्डात भरलेले पैसेही एलआरएसमध्ये मोजले जातात. वडिलांच्या क्रेडिट कार्डाचे जोडकार्ड परदेशात वापरले तर ते सध्या एलआरएसमध्ये धरले जात नाही, पण अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो. रोजच्या किराण्यासाठी हे कार्ड महागात पडते.

सगळे पैसे एका खात्यात ठेवणे सुरक्षित आहे का?

ब्रिटनच्या व्हिसासाठी फीचा उरलेला भाग आणि राहण्याच्या खर्चाची ठरावीक रक्कम विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवसही शिल्लक त्याखाली गेली तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. इथेही काकांचे खाते चालत नाही. मग कुटुंबे २५-३० लाख रुपये एका खात्यात गोळा करून महिनाभर हात न लावता ठेवतात.

मुंबईच्या उपनगरांना या बाबतीत दोन धडे मिळालेले आहेत. भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. १३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. तिथे तर सुरुवातीला काहीच काढता येत नव्हते, दोन आठवड्यांनी २५,००० रुपयांची मुभा मिळाली. ती बँक पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली आणि खातेदार सुटले. पण फीची मुदत आणि व्हिसाची तारीख विलीनीकरणासाठी थांबत नाही. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका खातेदाराला ५ लाखांपर्यंतच आहे. २८ दिवसांचा नियम आई आणि वडील यांच्या वेगवेगळ्या खात्यांतली शिल्लक एकत्र दाखवूनही पाळता येतो. कागद जास्त लागतात, जोखीम विभागली जाते.

मुलगी विमानात बसली की तिच्या इथल्या खात्याचे काय होते?

ही बाब बहुतेक घरांना माहीतच नसते. रिझर्व्ह बँकेच्या ८ डिसेंबर २००३ च्या परिपत्रकानुसार शिक्षणासाठी परदेशी जाणारा विद्यार्थी परकीय चलन कायद्यापुरता अनिवासी भारतीय मानला जातो. कॉलेजमध्ये असताना काढलेले बचत खाते त्याने तसेच चालू ठेवायचे नसते. ते एनआरओ प्रकारात बदलून घ्यायचे असते. तिकडे कमावलेले पैसे भारतात पाठवायचे तर एनआरई खाते काढावे. त्यातले व्याज करमुक्त आणि पैसे हवे तेव्हा परत नेता येतात. एनआरओ खात्यातल्या व्याजावर मात्र उपकरासह ३१.२ टक्के टीडीएस कापला जातो. आजीने नातीच्या नावे केलेली मुदत ठेव असेल तर हा धक्का चांगलाच बसतो. तोही विवरणपत्र भरून परत मिळवता येतो.

एनआरओ खात्यात आईचे नाव जोडता येते, पण मुलगी असेपर्यंत व्यवहार तिनेच करायचे, अशा पद्धतीने. म्हणून आईला पूर्वीसारखे त्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत. त्यासाठी वेगळे अधिकारपत्र द्यावे लागते. याच्या उलट व्यवस्था अधिक सोयीची आहे. आईच्या स्वतःच्या निवासी खात्यात अनिवासी मुलीचे दुसरे नाव ठेवता येते आणि आईचे व्यवहार नेहमीप्रमाणे चालतात. पीपीएफ खाते असेल तर मुदतीपर्यंत चालू राहते, नवे काढता येत नाही. हे सगळे बदल निघण्याआधी शाखेत जाऊन केले तर तासाभराचे काम. परदेशातून करायचे तर साक्षांकित कागद पाठवण्यात महिना जातो.

त्यात मोबाइल क्रमांकाची भानगड. इथले सिम तीन महिने वापरले नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि तोच क्रमांक पुढे दुसऱ्याला मिळतो. बँकेचा ओटीपी मग कोणाकडे जाणार? थोडक्या पैशांचे रिचार्ज चालू ठेवावे किंवा बँकेत परदेशी क्रमांक नोंदवावा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूरसह काही देशांच्या क्रमांकांवर एनआरई व एनआरओ खात्याचे यूपीआय चालते. ही सोय २०२३ मध्ये सुरू झाली. जर्मनीचे नाव त्या पहिल्या दहा देशांत नव्हते. खैरानी रोडच्या मुलीने म्हणूनच इथले सिम जिवंत ठेवलेले बरे.

प्राप्तिकर खात्याच्या लेखीही ती अनिवासीच का?

त्या वर्षी नाही, आणि गंमत इथेच आहे. प्राप्तिकर दिवस मोजतो. सप्टेंबरमध्ये गेलेली विद्यार्थिनी एप्रिलपासून पाच महिने भारतात होती आणि त्याआधीची चार वर्षेही इथेच होती. त्यामुळे त्या आर्थिक वर्षापुरती ती करासाठी निवासीच ठरते. रिझर्व्ह बँकेसाठी अनिवासी, प्राप्तिकरासाठी निवासी, एकाच वर्षात दोन्ही.

याचा अर्थ असा की त्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत तिच्या नावावर उघडलेले परदेशी बँक खाते, ब्लॉक्ड अकाउंटसुद्धा, विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागते. उत्पन्न शून्य असले तरी अशा खात्यामुळे विवरणपत्र भरणे बंधनकारक होते. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाख रुपयांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून वगळले आहे, त्यामुळे बहुतेक विद्यार्थी वाचतात. पण दंड नाही म्हणून विवरणपत्र भरण्याचे बंधन सुटत नाही. मुलांसाठी केलेले कायदे असते तर असे झाले नसते. हा कायदा मोठे मासे पकडायला विणलेला आहे आणि त्यात विद्यार्थी अडकतात.

‘तिकडे पाउंड घे, इकडे रुपये दे’ चालते का?

विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा प्रस्ताव रोज फिरतो. एकाला घरी रुपये पाठवायचे असतात, दुसऱ्याला पाउंड हवे असतात. दोघे परस्पर अदलाबदल करतात, भावही बरा पडतो. हे बेकायदा आहे. परकीय चलनाचा व्यवहार अधिकृत व्यक्तीमार्फतच करायचा, असे फेमा कायदा सांगतो आणि उल्लंघनाला रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. त्याहून जवळचा धोका वेगळा. अनोळखी माणसाकडून साकीनाक्यातल्या वडिलांच्या खात्यात आलेले ५० हजार रुपये सायबर फसवणुकीतून आलेले निघाले, तर पोलिसांच्या पत्रावर खाते गोठते. धंद्याचे व्यवहार त्याच खात्यातून होत असतील तर कामगारांचा पगारही अडतो.

फीमध्ये सवलत देऊ, आमच्यामार्फत भरा, असे सांगणारे एजंटही याच जातकुळीतले. चोरलेल्या कार्डावरून फी भरायची, विद्यार्थ्याकडून रोख घ्यायची. काही आठवड्यांनी कार्डाचा मालक तक्रार करतो, विद्यापीठ फी रद्द करते आणि प्रवेश धोक्यात येतो. परदेशी जाण्याआधी ‘तुझे खाते तसेही पडूनच राहणार, एटीएम कार्ड आणि सिम देऊन जा’ असे म्हणणाऱ्या ओळखीच्यालाही नाही म्हणावे. फसवणुकीची शंका आल्यास १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवले तर पैसे रोखता येण्याची शक्यता असते.

व्हिसा नाकारला किंवा शिक्षण संपवून परत आली तर?

व्हिसा नाकारल्याचे पत्र दाखवल्यावर ब्लॉक्ड अकाउंटमधली रक्कम परत मिळते. मात्र परत येताना भाव वेगळा, शुल्क वेगळे, आणि कापलेला टीसीएस बँक परत देत नाही. तो विवरणपत्रातूनच मागावा लागतो. म्हणून व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आणि पैसे पाठवण्याची तारीख यांचा मेळ घालताना घाई करू नये. जिथे विद्यापीठ किंवा दूतावास हप्त्याची मुभा देतो तिथे ती घ्यावी.

शिक्षण संपवून कायमची परतल्यावर एनआरओ खाते पुन्हा साध्या निवासी खात्यात बदलून घ्यायचे. फॉरेक्स कार्डावर किंवा पाकिटात उरलेले परकीय चलन १८० दिवसांच्या आत बँकेला द्यायचे असते. त्यातले २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात. परदेशात असताना कमावून तिथल्या खात्यात ठेवलेले पैसे तसेच ठेवण्याची मुभा कायद्यात आहे. पण भारतात निवासी ठरल्यावर ते खाते पुन्हा दरवर्षी विवरणपत्रात दाखवावे लागते.